आरमारी व्यंगचित्रे कशी वाचावीत: युद्धनौका, राष्ट्रांचे वैर आणि चित्रात नसलेला खलाशी

दोन राष्ट्रांच्या आरमारी वैरावरचे जुने व्यंगचित्र समोर आले की आपण एक तर लगेच हसतो, नाही तर संदर्भ न लागल्यामुळे पान उलटतो, आणि दोन्ही वेळा ते चित्र वाचायचे राहून जाते. अशी चित्रे पाठ्यपुस्तकांत, प्रदर्शनांत आणि मोबाइलवर सतत आपल्यापुढे येत असतात. ती क्रमाने आणि सावकाश कशी वाचावीत याची एक पद्धत येथे मांडत आहे. कोल्हापूर परिसरातील चित्रकलेचे व इतिहासाचे शिक्षक, कलामहाविद्यालयांतील विद्यार्थी आणि वाचनालयांच्या आधाराने चालणारे अभ्यासगट यांना ती वापरता यावी, असा हेतू आहे.

कोल्हापुरात बसून आरमाराचा विचार कशाला करायचा, असे कोणाला वाटेल. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या या गावात चित्र नीट पाहणारी माणसे पिढ्यानपिढ्या घडली आहेत. व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांचा जन्मही १९२७ साली येथेच झाला. शिवाय समुद्र घाटाखाली असला तरी आरमार या गावाला परके नाही. सिंधुदुर्ग आणि मालवणचे बंदर कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्यात होते. इंग्रजांनी १७६५ साली सिंधुदुर्ग जिंकून त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ असे ठेवले, पुढे तो कोल्हापूरला परत मिळाला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. ज्या सागरी सत्तेच्या विजयाची चित्रे आपण वाचणार आहोत, तिची झळ आपल्या राज्यालाही लागलेली होती, हे वाचनाला बसताना लक्षात असू द्यावे.

प्रत कोणती घ्यावी

चित्राची अंधूक, कापलेली प्रत घेऊन वाचन करू नये. ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर अठराव्या शतकापासूनची असंख्य व्यंगचित्रे चांगल्या आकारात उपलब्ध आहेत, आणि ‘पंच’ या इंग्रजी साप्ताहिकाचे जुने खंड हायडेलबर्ग विद्यापीठाने स्कॅन करून ठेवले आहेत. तेथून चित्र उतरवून घेऊन किमान ए-थ्री आकारात छापावे. कडा कापू नयेत, कारण प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि प्रकाशनाची तारीख बहुधा अगदी तळाशी बारीक अक्षरांत कोरलेली असते, आणि वाचनाची सुरुवात तेथूनच करायची असते.

रंगांविषयी एक सावधगिरी बाळगावी. १८०० च्या आसपासची इंग्रजी व्यंगचित्रे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काळ्या शाईत छापली जात आणि मग हाताने रंगवली जात. काही प्रती तर बिनरंगीच विकल्या जात. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत कोटाचा रंग वेगळा असू शकतो. अर्थ लावताना भरवसा रेषेवर ठेवावा. रंगावर मोठा सिद्धान्त उभा करण्याचा मोह विद्यार्थ्यांना फार होतो, तो वेळीच आवरावा.

तारीख आधी, चित्र नंतर

तारीख कळली की त्या दिवशी चित्रकाराला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते, याची दोन रकान्यांत नोंद करावी. ही सवय मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचा उपयोग दाखवण्यासाठी इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याचे २६ फेब्रुवारी १८०५ रोजी प्रसिद्ध झालेले, प्लम-पुडिंग (एक इंग्रजी गोड पदार्थ) कापणाऱ्या दोन पुढाऱ्यांचे चित्र घेऊ, कारण आरमारी वैरावर याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

टेबलावर पृथ्वीच्या गोलाचे एक वाफाळते पुडिंग ठेवलेले आहे. डावीकडे इंग्लंडचा पंतप्रधान विल्यम पिट बसला आहे आणि उजवीकडे नेपोलियन. पिट सुरीने गोलाच्या पश्चिमेकडची, म्हणजे महासागराची, भली मोठी फोड कापतो आहे; नेपोलियन युरोपचा तुकडा उचलण्याच्या घाईत आहे. पहिल्या नजरेत एवढे दिसते, आणि वर्गात बहुतेक जण ‘जगाची वाटणी’ असे म्हणून थांबतात.

येथून पुढे हातांकडे पाहावे. पिटच्या हातातील काट्याला तीन दाते आहेत. तो जेवणाचा काटा आहे, आणि त्याच वेळी समुद्रदेवाचे त्रिशूळही आहे. इंग्लंडला समुद्रावर राज्य करण्याचा जणू देवदत्त अधिकार आहे, हा दावा चित्रकाराने एका काट्यातून मांडला आहे. मग शरीरांकडे वळावे. पिट काटकुळा आणि उंच असून खुर्चीत नीट टेकून बसला आहे. नेपोलियन ठेंगणा आहे, त्याच्या टोपीवरचा तुरा मात्र प्रचंड आहे, आणि पुडिंगपर्यंत हात पोचावा म्हणून तो खुर्चीवरून अर्धवट उठला आहे. ज्याला समुद्र मिळाला आहे तो निवांत आहे आणि ज्याला जमीन मिळाली आहे तो धडपडतो आहे, असा या देहबोलीचा अर्थ होतो. आता दोन फोडींच्या आकारांची तुलना करावी. पिटची फोड मोठी आहे. चित्र इंग्लंडमध्ये छापले गेले असूनही हावरटपणाचा आरोप दोघांवरही आहे, आणि मथळ्याखालच्या ओळीत तर अशा अतृप्त भुकेपुढे अवघी पृथ्वीसुद्धा अपुरी आहे, असे स्पष्टच म्हटले आहे.

आता तारखेचे दोन रकाने भरावेत. नेपोलियनने १८०५ च्या जानेवारीत इंग्लंडच्या राजाला तहाची इच्छा कळवणारे पत्र पाठवले होते, हे गिलरेला ठाऊक होते. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरला इंग्रजांकडून फ्रेंच आणि स्पॅनिश आरमारांचा पराभव होणार आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. तेव्हा फ्रेंच सैन्य खाडीच्या पलीकडे इंग्लंडवर उतरण्याची वाट पाहत होते. हे ध्यानात घेतले की पिटचा निवांतपणा विजयाच्या खात्रीतून आलेला नाही, तर घाबरलेल्या लंडनला दिलेला तो धीर आहे, हे उमगते. उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसाच्या नजरेने चित्र पाहिले तर हा धीर दिसत नाही.

पुढचा प्रश्न पैशाचा आहे. गिलरेची चित्रे लंडनमध्ये हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानात विकली जात. काचेपलीकडे लावलेली चित्रे रस्त्यावरचे लोक फुकट पाहत, पण विकत घेणारे सुखवस्तू असत. १७९७ नंतर काही वर्षे पिटच्या सरकारकडून गिलरेला वार्षिक तनखाही मिळत होता. अशी माहिती मिळाल्यावर चित्रकार विकला गेला असा निकाल देऊन मोकळे होऊ नये. याच चित्रकाराने १८०५ मध्ये पिटलाही हावरट म्हणून रंगवले आहे. पैसा कोणाचा होता हे जाणून घ्यावे आणि मग रेषेने त्या पैशाला कितपत दाद दिली हे तपासावे.

बुटका शत्रू आणि टबातली होडी

शत्रूला लहान करणे ही या चित्रांतील सर्वांत जुनी युक्ती आहे. गिलरेने १० फेब्रुवारी १८०४ च्या एका चित्रात, स्विफ्टच्या गलिव्हरच्या कथेचा आधार घेऊन, बोटभर नेपोलियन पाण्याच्या हौदात इवली होडी चालवतो आहे आणि इंग्लंडचे राजा-राणी त्याच्याकडे कौतुकाने पाहत आहेत, असे दाखवले. खरा नेपोलियन जुन्या फ्रेंच मापाने ५ फूट २ इंच, म्हणजे सुमारे १६८ सेंटिमीटर होता, आणि ही उंची त्या काळच्या पुरुषाला साजेशीच होती. तरीही आजसुद्धा शाळकरी मुले त्याला बुटका म्हणून ओळखतात, यात इंग्रजी व्यंगचित्रांचा वाटा मोठा आहे. म्हणून वाचताना आकारांचे गुणोत्तर लिहून काढावे: कोणाचे डोके मोठे आहे, कोणाचे जहाज खेळण्याएवढे आहे, कोण वरून पाहतो आहे. हे काम पट्टीने करावे, नुसत्या नजरेवर सोडू नये.

जहाजांची मेजवानी आणि खिडकीबाहेरचे दोघे

१ ऑगस्ट १७९८ च्या संध्याकाळी इंग्रज नौसेनानी नेल्सनने नाईल नदीच्या मुखाजवळ नांगरून उभ्या असलेल्या फ्रेंच आरमारावर हल्ला केला. त्या विजयावर गिलरेने ऑक्टोबरात काढलेल्या चित्रात जॉन बुल, म्हणजे लठ्ठ, खादाड असा सामान्य इंग्रज, टेबलाशी बसून फ्रेंच जहाजे खातो आहे. नेल्सन आणि इतर नौसेनानी आचाऱ्यांसारखे रांगेने ताटे घेऊन आले आहेत. नेल्सनच्या ताटात मोडक्या जहाजांचा रस्सा आहे. एवढे आणूनही आणखी येतेच आहे, ठेवायचे तरी कुठे, अशी जॉन बुलची प्रेमळ कुरकुर चालली आहे.

चित्राच्या कडेला, खिडकीबाहेर, दोन माणसे पळताना दिसतात. ते फॉक्स आणि शेरिडन आहेत, युद्धाला विरोध करणाऱ्या पक्षाचे पुढारी. पुढचा घास आपलाच होईल, अशी त्यांना भीती वाटते आहे. म्हणजे फ्रेंच आरमारावरचा म्हणून दिसणारा हा हल्ला निम्मा घरच्या विरोधकांवर आहे. आरमारी वैराच्या जवळजवळ प्रत्येक चित्रात असा एक घरचा शत्रू सापडतो, आणि तो बहुधा कोपऱ्यात असतो. पाहणाऱ्याने मधले दृश्य झाकून चारही कोपरे वेगवेगळे पाहावेत; कागदाचा एक चौकोन कापून त्यातून पाहिले की हे सहज जमते.

आता त्याच ताटाकडे पुन्हा पाहावे. त्या रात्री फ्रेंचांचे मुख्य जहाज ‘लोरियाँ’ आग लागून दारूगोळ्याच्या कोठारासह फुटले. त्यावर सुमारे हजार माणसे होती आणि त्यांतली बहुसंख्य मेली. ताटातील जहाजांवर मात्र एकही माणूस नाही. मला या प्रकारच्या चित्रांविषयी जे सांगायचे आहे ते येथे आहे. आरमारी व्यंगचित्र राष्ट्राला एका माणसाचे शरीर देते, त्याला पोट, दात आणि भूक देते. त्या बदल्यात ते जहाजावरच्या खऱ्या माणसांची शरीरे पुसून टाकते. म्हणून प्रत्येक वाचनात, चित्रात काय आहे याची यादी पूर्ण झाल्यावर, काय नाही याची दुसरी यादी केलीच पाहिजे. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखे गाव आहे आणि गावोगाव सैन्यातून निवृत्त झालेली माणसे आहेत, तेथे ही दुसरी यादी करायला विद्यार्थ्यांना फार शिकवावे लागत नाही.

जहाज दिसले म्हणजे आरमार नव्हे

‘पंच’मधील जॉन टेनियलचे २९ मार्च १८९० चे, जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क जहाजाची शिडी उतरून जातो आहे आणि तरुण कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, वरून पाहतो आहे असे प्रसिद्ध चित्र आरमाराविषयी नाही. तेथे जहाज म्हणजे राज्य आहे. चित्रात तोफा आहेत की सुकाणू, हे पाहिले तर हा गोंधळ टळतो.

तोफांकडे मात्र जरा तांत्रिक नजरेने पाहावे. १० फेब्रुवारी १९०६ रोजी इंग्लंडने ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात उतरवली. तिच्यावर १२ इंची दहा तोफा होत्या आणि वाफेच्या टर्बाइनवर ती ताशी सुमारे २१ सागरी मैल वेगाने जाई. तिच्यामुळे आधीच्या सगळ्या मोठ्या युद्धनौका, इंग्लंडच्या स्वतःच्याही, एका झटक्यात जुन्या ठरल्या, आणि जर्मनीला नव्याने बरोबरीत सुरुवात करण्याची संधी मिळाली. १९०६ ते १९१४ या काळातील व्यंगचित्रांत जहाजे सारखी मोजली का जातात, त्याचे कारण हे आहे. १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये आठ नव्या नौका हव्यातच अशी घोषणा लोकांच्या तोंडी झाली होती. त्याच वर्षी २२ सप्टेंबरच्या ‘पक’ या अमेरिकन साप्ताहिकात एल. एम. ग्लॅकेन्सने पाच सत्ता पत्त्यांच्या टेबलाभोवती बसवल्या आणि पैजेला युद्धनौका लावल्या. त्या टेबलाशी अमेरिकेचा अंकल सॅमही बसलेला आहे. आपल्या देशालाही जुगाऱ्यांत बसवणारे चित्र मला अधिक विश्वासार्ह वाटते, आणि निवडीला वाव असेल तर वर्गात असेच चित्र आधी घ्यावे.

दोन्ही काठांवरून पाहणे

एका बाजूचे चित्र एकटे वाचू नये. डच आरमाराने १६६७ च्या जूनमध्ये मेडवे नदीत शिरून इंग्रज जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे मोठे जहाज ओढून नेले. त्याच्या मागच्या भागावरील राजचिन्ह आजही ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. डच लोकांनी या प्रसंगावर चित्रे आणि पदके काढली. पुढे १६७२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने युद्ध पुकारले, तेव्हा जाहीरनाम्यात गाऱ्हाणी मांडताना त्याने डच शहरांतील अशा अवमानकारक चित्रांचाही उल्लेख केला. फ्रान्सबरोबरचा गुप्त करार त्याने १६७० सालीच केला होता, त्यामुळे चित्र हे निमित्त होते. पण निमित्त म्हणून चित्र पुढे करावेसे वाटणे, यातच त्याची ताकद दिसते.

रशिया-जपान युद्धाची चित्रे अशीच जोडीने लावावीत. १९०४ मध्ये रशियात विकल्या जाणाऱ्या स्वस्त चित्रांत धिप्पाड रशियन शिपाई चिमुकल्या जपान्यांना झोडपतो. तिकडे कोबायाशी कियोचिका हा जपानी चित्रकार रशियनांची टिंगल करणारी मालिका काढत होता. २७ आणि २८ मे १९०५ रोजी त्सुशिमाला रशियन आरमार बुडाले. त्यात चार हजारांहून अधिक रशियन खलाशी मेले. आशियाई देशाच्या या विजयाने आपल्याकडेही तेव्हा उत्साहाची लाट आली होती. तेव्हा जपानी बाजूचे चित्र पाहताना आपल्याला सुख का होते, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा आणि उत्तर कागदावर लिहावे.

हाच नियम आपल्या किनाऱ्यालाही लावावा. कोल्हापूरच्या आश्रयाने वावरणाऱ्या मालवणच्या दर्यावर्दींना आणि त्याआधी कान्होजी आंग्र्यांना इंग्रजी कागद सर्रास चाचे म्हणतात. मराठी आरमार आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांकडे परवाना मागे. पोर्तुगीज तसाच परवाना कितीतरी आधीपासून मागत होते, आणि त्यांना मात्र सत्ता म्हटले गेले. चाचा कोणाला म्हणायचे हे ज्याच्या हाती छापखाना तो ठरवतो. परंतु आपल्या बाजूच्या चित्रांना सूट देण्याची उलट चूकही करू नये. डिसेंबर १९७१ मधील मराठी दैनिकांचे अंक वाचनालयात मिळाले तर ते काढून पाहावेत: ४ डिसेंबरचा कराचीवरील हल्ला, बंगालच्या उपसागराकडे निघालेला अमेरिकेच्या सातव्या आरमाराचा ताफा, आणि ९ डिसेंबरला दीवजवळ बुडालेली आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका, जिच्यावरील १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. यांपैकी कशाची चित्रे निघाली आणि कशाची निघाली नाहीत, हे तपासणे हा एखाद्या अभ्यासगटाला पुरून उरेल असा विषय आहे. जुन्या नियतकालिकांच्या शोधासाठी १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय येथे चौकशी करावी.

खलाशी चित्रात येतो तेव्हा

मार्च १९४२ मध्ये लंडनच्या ‘डेली मिरर’मध्ये फिलिप झेकने एक चित्र काढले. काळोख्या समुद्रात तराफ्याला चिकटून पडलेला एक खलाशी, एवढेच त्यात आहे. खालच्या ओळीत पेट्रोलचा दर एक पेनीने वाढल्याची सरकारी बातमी होती. झेकला म्हणायचे होते की पेट्रोल जपून वापरा, ते आणताना माणसे बुडत आहेत. सरकारने मात्र त्याचा अर्थ असा लावला की कंपन्यांच्या नफ्यासाठी खलाशी मरत आहेत, असे वृत्तपत्र सुचवते आहे. चर्चिल संतापले आणि गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी वृत्तपत्र बंद करण्याची ताकीद दिली. ती ओळ झेकची स्वतःची नव्हती. ‘कॅसँड्रा’ या नावाने लिहिणाऱ्या सहकाऱ्याने ती सुचवली होती.

यावरून वाचनाची एक कसोटी मिळते. ओळ झाकून चित्राचा अर्थ लिहावा, मग चित्र झाकून फक्त ओळीचा अर्थ लिहावा, आणि दोन्ही उघडल्यावर तिसरा कोणता अर्थ तयार होतो ते पाहावे. झेकच्या चित्रात हा तिसरा अर्थ चित्रकाराच्या हाताबाहेर गेला. इतकी वर्षे जहाजे खाणारे, कापणारे आणि पैजेला लावणारे पुढारी कोणाला खुपले नाहीत, आणि एक बुडणारा माणूस दिसताच सरकार हादरले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

प्रदर्शनाची पाटी

शाहू स्मारक भवनाच्या दालनात किंवा शाळेच्या सभागृहात अशी चित्रे मांडायची असतील, तर प्रत्येक चित्राची पाटी सत्तर-ऐंशी शब्दांपेक्षा मोठी करू नये. तिच्यात तारीख, चित्रकार, छापणाऱ्याचे ठिकाण, त्या दिवसापर्यंत घडलेली घटना, कोपऱ्यातील घरचा शत्रू आणि खात्रीने माहीत असल्यास मृतांचा आकडा, एवढे असावे. आकडा खात्रीचा नसेल तर तो गाळावा. चित्रातील विनोद पाटीवर समजावून सांगू नये. वंशाची टवाळी करणारी चित्रे, विशेषतः १९०४-०५ ची, लहान मुलांच्या प्रदर्शनात प्रतिपक्षाच्या चित्राशिवाय एकटी लावू नयेत आणि शिक्षकाने तेथे स्वतः उभे राहावे. पाटी चित्राच्या खाली न लावता उजव्या बाजूला, थोडे अंतर सोडून लावावी, म्हणजे पाहणाऱ्याची नजर आधी रेषेवर जाते आणि मजकुराकडे तो स्वतः वळतो.